चक्रवातची शेवटची आठ पानं

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात जळगावला कोण जातं? ज्यांच्या घरी लग्न आहे ते, ज्यांची बदली झाली आहे ते, आणि ज्यांनी पन्नास वर्षांपूर्वीच जायला हवं होतं ते. मी या तिसऱ्यांतली. पाच दिवस घरचे फोनवर एकच विचारत होते, "पाणी पितेस ना?" परत आल्यावर शेजारपाजारचे विचारतात, "काय बघितलंत हो एवढ्या उन्हात?" त्यांना उंबऱ्यावर उभ्याउभ्या सांगण्यासारखं ते नाही, म्हणून लिहिते आहे.

सोबत नात होती, सई. वय तेवीस, आणि जगातल्या एकूण एक महानायकांची कुंडली तिला पाठ. माझ्या खांद्याला पिशवी आणि पिशवीत पत्र्याचं एक नळकांडं, हातभर लांब, टोपणाला गंज चढलेला. रेल्वेत मी ते मांडीवरून खाली ठेवलं नाही. समोरच्या बाईंनी विचारलं, "पत्रिका आहे का कुणाची?"

"हो, माझीच," मी म्हटलं. "आता दाखवायला चाललेय."

जळगाव

कोल्हापुरात ऊन पडतं. इथे ऊन मुक्कामाला असतं. सकाळी नऊलाच रस्त्यावरचे चेहरे दिसेनासे होतात. पुरुषांच्या डोक्याकानाला पांढरे रुमाल, स्कूटरवरच्या मुली ओढणीत अशा गुंडाळलेल्या की नुसते डोळे उरलेत. सई स्टेशनबाहेर बघतच राहिली.

"आज्जी, इथे अख्ख्या गावाने मुखवटे घातलेत!"

"मग आमच्या चक्रवातला मुखवटा कुठून मिळाला असं वाटलं तुला?"

हा चक्रवात कोण ते आधी सांगते, कारण तो तुम्हाला माहीत असण्याचं काहीच कारण नाही. मी एकोणीस वर्षांची असताना जळगावात बन्सीशेठच्या छापखान्यात कामाला होते. शेठ स्वतः जेमतेम पंचविशीचे. घराणं मूळचं राजस्थानचं, दोंडाईच्याला मिरचीचा व्यापार. या धाकट्याला मिरचीने शिंका येत, म्हणून बापाने त्याला लांब जळगावात छापखाना काढून दिला होता. तिथे लग्नपत्रिका छापत आणि केळीच्या वेफर्सची वेष्टनं. त्यांचे दोस्त युसूफभाई धुळ्यात सिनेमाची मोठमोठी पोस्टरं रंगवायचे. दोघांनी ठरवलं की चित्रकथांतले महानायक सगळे परदेशातून येतात, आपला एक खानदेशचा असावा.

तो उन्हातून शक्ती घेई. स्वतःभोवती गरगर फिरे आणि त्याची वावटळ होई. उडत मात्र नसे. तोंडाला पांढरा रुमाल, अंगात हिरवा अंगरखा. हिरवाच का, तर वेफर्सच्या वेष्टनांची हिरवी शाई नेहमी उरायची. त्याचा शत्रू हिमराज, बर्फाच्या कारखान्याचा मालक, त्याला सगळा खानदेश गोठवायचा होता. (आज एप्रिलात विचारलं तर खानदेशातले निम्मे लोक हिमराजाला मत देतील.)

माझं काम होतं फुग्यांत अक्षरं लिहायचं, पात्रांच्या तोंडाशी काढतात त्या फुग्यांत. माझं अक्षर वळणदार होतं आणि डोकं त्याहून वाकडं. युसूफभाई फुग्यांत पेन्सिलीने संवाद लिहून पाठवत, ते अहिराणीत, आमच्या खानदेशी बोलीत. मी ते "शुद्ध" करी. त्यांनी नायकाचं नाव ठेवलं होतं वावटळ्या. मी केलं चक्रवात. त्यांचा नायक म्हणे, "ए, थांब आठे!" म्हणजे इथेच थांब. मी लिही, "थांब, नराधमा! तुझ्या पापांचा घडा भरला आहे!" हे वाक्य सहा अंकांत नऊ वेळा आलं आहे. मला त्याचा अभिमान होता. दोन वेण्या, बोटाला शाई, काखेत शब्दकोश, असा तो अवतार. छापखान्यात मला मास्तरीण म्हणत आणि मला वाटे, आदराने म्हणतात. त्या मुलीला आज भेटले तर आधी ग्लासभर ताक पाजेन आणि मग गप्प बसवेन.

चित्रांची पानं धुळ्याहून कशी येत तेही ऐका, कारण सगळं तिथेच अडलं आहे. युसूफभाई धुळ्याच्या स्टँडवर जळगाव गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात नळकांडं देत. मी जळगावच्या स्टँडवर ते उतरवून घेई. पावती नाही, सही नाही. ड्रायव्हर सीटमागून काढून म्हणे, "घ्या, तुमचा भूत आला." वावटळीत भूत असतं म्हणतात, त्यावरून. सहा अंक असेच आले. सातवा, शेवटचाही आला. मी स्टँडवरच टोपण काढून शेवटचं पान पाहिलं. हिमराजाला हरवून चक्रवात एका निंबाखाली टेकलाय. तोंडावरचा रुमाल सोडलाय. समोर डोक्यावर घागर घेऊन एक म्हातारी. आणि तो म्हणतो, "मी दमी गऊ, माय. जरासं पानी दे."

पुढच्या चौकटीत म्हातारी पाणी देते. संपलं.

महानायक, आणि दमला? आणि पाणी मागतो? तेही अहिराणीत? माझं डोकंच फिरलं. मी ठरवलं, नवा दणदणीत शेवट लिहायचा आणि मगच पानं छापखान्यात न्यायची. दुपारी बन्सीशेठनी विचारलं, "आलं का गं नळकांडं?"

मी म्हटलं, "नाही आलं."

दोन दिवसांपुरतंच खोटं होतं ते. तिसऱ्या दिवशी कोल्हापूरची मंडळी मला पाहायला आली, महिन्याच्या आत लग्न झालं. नळकांडं ट्रंकेत, ट्रंक कोल्हापुरात. पुढे कधीतरी छापखाना बंद पडल्याचं कानावर आलं आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं झालं. आता परत द्यायचं तरी कुणाला?

मग या मार्चमध्ये सईने मोबाइलवर एक झलक दाखवली. धुळ्याच्या नाझियाने, म्हणजे युसूफभाईंच्या नातीने, चक्रवातवर चित्रपट केला होता. खाली लिहिलं होतं: सातवा अंक कधी छापलाच गेला नाही, पानं हरवली, शेवट आम्ही मनाने केला आहे, कुणाला काही आठवत असेल तर मेमधल्या पहिल्या खेळाआधी सांगा. मी फोन केला. आठवतं म्हटलं. पानं आहेत असं म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "समक्ष येऊनच बोलू."

छापखान्याच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "छापखाना? नाही हो अक्का, आम्ही आलो तेव्हापासून कव्हरंच शेत." सईला तिथे माझा फोटो काढायचा होता. मला उभंच राहवेना. पाय सारखे पुढे निघत होते. फोटोत माझा पदर तेवढा आला आहे.

एरंडोलच्या पुढे

धुळ्याच्या रस्त्यावर गाडीत सईने माझी शिकवणी घेतली.

"आज्जी, सिनेमा बघून चिडायचं नाही. कागदावरचा नायक आणि पडद्यावरचा नायक वेगळेच असतात. कागदावर दोन चौकटींच्या मध्ये पांढरी पट्टी असते ना? अलीकडे मूठ उगारलेली, पलीकडे माणूस आडवा. मधला ठोसा तू मारतेस, वाचणारी. सिनेमात तुला काहीच करायला ठेवत नाहीत. नुसतं बसायचं."

"मला बसायला सांगू नकोस आज."

"आणि कागदावरचा नायक एका अंकात जग वाचवतो, पुढच्या अंकात ताजातवाना. पडद्यावर त्याला आई लागते, मेलेला भाऊ लागतो. पोशाख काळा लागतो."

"काळा का?"

"गंभीर वाटतं."

"या उन्हात? गंभीर नाही, मरणासन्न वाटेल."

एका धाब्यावर जेवलो. कोल्हापूरचा रस्सा लांबूनच ओरडत येतो, मी आले म्हणून. इथली काळ्या मसाल्याची शेवभाजी ताटात गुपचूप बसते आणि दुसऱ्या घासाला कान धरते. सोबत कळण्याची भाकरी, ज्वारी-उडदाची, मीठ घातलेली. आमच्याकडे भाकरीत मीठ घातलं तर सासू वर बघते. सई चार ग्लास पाणी प्यायली, मी माहेरची म्हणून दीड.

पारोळ्याला पोचता पोचता मांडी हलकी वाटली. नळकांडं नव्हतं.

पन्नास वर्षांत ते मी एकदाही कुणाच्या हाती लागू दिलं नव्हतं आणि आता द्यायला निघाले तर धाब्यावर विसरले. गाडी उलटी वळवली. वाटेत मी सईला सगळं सांगून टाकलं, तोवर तिलाही पुरतं सांगितलेलं नव्हतं. ती म्हणाली, "म्हणजे या गोष्टीतला हिमराज तू आहेस."

धाब्याच्या मालकीणबाईंनी नळकांडं खिडकीच्या फळीखाली टेकू म्हणून लावलं होतं. काढून देताना खिडकी धाडकन आपटली. "आक्का, चांगलं होतं हो," त्या म्हणाल्या. "वाऱ्याला जरा वाट झाली होती."

धुळे

युसूफभाईंचं घर आग्रा रोडपासून आत, दोन गल्ल्या सोडून. मला आठवतो तो माणूस शिडीवर चढलेला, कोपरापर्यंत रंग, नटीच्या एका डोळ्यावर सकाळपासून काम करणारा. आता ते पलंगावर बसले होते, पाठ ताठ. दृष्टी जवळजवळ गेलेली. उजेड-अंधार तेवढा कळतो.

"कोण? मास्तरीण?" माझा आवाज ऐकून ते हसले. "अजून जित्ती शेस?"

"आहे की. तुम्ही?"

"मी बी शे. बस. सरबत पी. आणि चुका नंतर काढ."

नाझिया तिशीची. पोटापाण्याला लग्नांची शूटिंग करते, त्यातून सुटतील त्या दिवसांत तीन वर्षं तिने हा चित्रपट केला. वरातीवर फिरणारा ड्रोन हिमराजाच्या कारखान्यावर फिरवला. चक्रवातचं काम व्यायामशाळेत शिकवणाऱ्या अमोलने केलं आहे. तिने आम्हाला संगणकापुढे बसवलं आणि तिथेच मला सईची शिकवणी आठवली. पोशाख काळा!

"का गं, हिरवा का नाही?" मी विचारलं.

नाझियाने कपाळाला हात लावला. "हिरवाच शिवला होता आजी. पण उडायचा सीन हिरव्या पडद्यापुढे करतात, मागून आभाळ घालायला. संगणक हिरवं म्हणून जेवढं दिसेल तेवढं पुसतो. अंगरख्यासकट सगळा पुसला गेला. आभाळात नुसतं मुंडकं फिरत होतं. मग काळा रबरी पोशाख आणला, तर नरडाण्याला शूटिंगमध्ये अमोल चक्कर येऊन पडला. म्हणून बघा, पुढे बाह्या कापलेल्या आहेत."

आम्हाला हिरवा शाईने दिला, त्यांना काळा पडद्याने दिला. नायकाच्या मनात काय होतं ते कुणीच विचारलं नाही.

हिमराजाला आता बालपण होतं. कागदावर तो पहिल्या पानापासून दुष्ट, कारण आठ पानांत दुसरं काही मावत नसे. इथे त्याच्या शिक्षकाने त्याला लहानपणी उन्हात उभं केलं होतं आणि म्हणून तो बर्फाकडे वळला. मला त्याची दया आली. ते मला आवडलं नाही, पण आली.

मग अमोल पडद्यावर बोलला. "थांब, नराधमा! तुझ्या पापांचा घडा भरला आहे!" सई खुर्चीतून वाकली आणि तिने तोंडात ओढणी कोंबली. फुग्यात ते वाक्य पन्नास वर्षं ऐटीत उभं होतं. जिवंत माणसाच्या तोंडात गेल्यावर ते उसन्या दातांसारखं वाजत होतं. "नराधमा" म्हणताना अमोल प्रत्येक वेळी जरासा थांबत होता, उंबऱ्याला ठेच लागू नये म्हणून थांबतात तसा.

"तुमचीच भाषा ठेवली आहे आजी," नाझिया मोठ्या कौतुकाने म्हणाली. "सहा अंक पाठ आहेत मला."

आणि शेवट. चक्रवात कारखान्यावरून, धुळ्यावरून, ढगांवरून वर वर उडतो, खाली अख्खी पृथ्वी, आणि म्हणतो, "हे मानवांनो, माझे कार्य अद्याप अपूर्ण आहे!"

ट्रंकेतल्या त्या पानावर, युसूफभाईंच्या पेन्सिलीवर गडद निळ्या पेन्सिलीने एकोणीस वर्षांच्या मुलीने जवळजवळ शब्दन् शब्द हेच लिहून ठेवलं होतं. मला हवा होता तो शेवट मला मिळाला होता, ढगांसकट, संगीतासकट. आणि मला तिथून उठून पळावंसं वाटत होतं.

"हाऊ मना हीरो नही," हा माझा हीरो नाही, असं पलंगावरून युसूफभाई म्हणाले. त्यांनी नुसतं ऐकलं होतं.

"दादाजी म्हणतात शेवटी तो पाणी मागतो," नाझिया हळूच म्हणाली. "पण नीट आठवत नाही त्यांना. आणि पाणी मागून पिक्चर कसा संपवायचा?"

"आठवतं मला!" युसूफभाई भडकले. "आठ पानं केली होती मी. बन्सीने हरवली. मी ड्रायव्हरच्या हातात दिली, बन्सी म्हणे आलीच नाहीत. म्हणजे मी खोटा? मग मी म्हटलं, तू खोटा. तो म्हणे, तू केलीच नाहीत. झालं. छापखाना बंद करून तो दोंडाईच्याला गेला. दोंडाईचा काय लांब शे? पण मी गऊ नही. तो आला नही. पन्नास वर्षं."

मी छापखाना बंद पडल्याचं ऐकलं होतं. का पडला ते कधी विचारलं नव्हतं. नळकांडं माझ्या मांडीवर होतं आणि मी सरबताचा ग्लास खाली ठेवून म्हणाले, "येते हं जरा. गुडघे आखडलेत."

अख्खी दुपार मी आग्रा रोडवर चालत होते. भर उन्हात. बांगड्या बघितल्या, घेतल्या नाहीत. एका दुकानात बिबडे मागितले, ज्वारीचे पापड ते, आणि पुडा तिथेच विसरले. सई मागे छत्री घेऊन. "आज्जी, तू त्याच गल्लीला तिसऱ्यांदा वळलीस." सांगितलं तर युसूफभाई नातीसमोर मला काय म्हणतील? नाही सांगितलं तर महिन्याभरात तो उडणारा बाप्या त्यांच्या नावाने गावभर दिसेल आणि बन्सीशेठ खोटे ते खोटेच राहतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळकांडं त्यांच्या हातांत दिलं.

त्यांनी ते चाचपलं. टोपणाजवळ एक पोचा आहे, तिथे बोट थांबलं. ते इतका वेळ थांबलं की बाहेर भाजीवाला येऊन गेला.

"हाऊ पोचा," ते म्हणाले, "मनाच हातनं पडेल शे." त्यांच्याच हातून पडलेला होता तो.

मग मी सांगितलं. स्टँड, "नाही आलं", ट्रंक, सगळं. काही सुशोभित केलं नाही. नाझिया दारात उभी होती.

त्यांनी शेवटचं पान मांडीवर पसरायला लावलं. टाकाच्या रेघा कागदात रुतलेल्या असतात, त्यांवरून त्यांची बोटं सरकू लागली. "हाऊ निंब. ही घागर. हाऊ त्याना पाय." मग फुग्याशी आली. "काय लिखेल शे आठे?"

"खाली तुमचं आहे. वर माझं."

"नाझिया, खोडरबर आण."

ते त्यांनी माझ्या हातात दिलं. मी खोडत बसले. निळी पेन्सिल पन्नास वर्षांत कागदात मुरली होती, लवकर निघेना. ते कान देऊन ऐकत होते. "बठ्ठं खोड," म्हणजे सगळं, मध्येच म्हणाले. "अपूर्ण बी खोड." शेवटी खालची, कागदात रुतलेली फिकट अक्षरं वर आली आणि मी ती मोठ्याने वाचली. मी दमी गऊ, माय. जरासं पानी दे.

"पन्नास वर्षं मी बन्सीला शिव्या घातल्या," ते म्हणाले. "आता त्या परत कशा घेऊ?"

"मला द्या."

"तुले पुरणार नहीत." मग तोंड फिरवून, "जाय. त्याले तू सांग. मी नही सांगणार."

दोंडाईचा

दोंडाईच्याला रस्ता विचारावा लागत नाही. गावात शिरलं की नाक सांगतं. बन्सीशेठच्या गोदामापुढच्या अंगणात मिरची पसरली होती, लाल, पायघड्यांसारखी. सईने गाडीचं दार उघडलं आणि ओळीने सात शिंका दिल्या. आतून एक तशीच शिंक आली. मी ओळखली. माणूस ऐंशीकडे झुकला तरी शिंक तीच राहते.

त्यांनी मला ओळखलं, पाणी दिलं, चहा सांगितला. "मास्तरीणबाई, कोल्हापूर सोडून इकडे कुठे?"

कबुली द्यायची तर निदान घसा साफ असावा, तेवढंही माझ्या नशिबात नव्हतं. प्रत्येक वाक्याच्या मध्ये मी खोकत होते, सई शिंकत होती, ते शिंकत होते. "ते नळकांडं" – खोकला – "आलं होतं" – शिंक – "मीच ठेवलं." त्यांना वाटलं मिरचीने डोळ्यांत पाणी आलं आहे. मग कळलं.

चहा आला. त्यांनी हाताने परत पाठवला. त्या घरात पाहुण्याचा चहा परत जाणं म्हणजे काय ते खानदेशातल्या वाचकांना सांगायला नको, बाकीच्यांनी असं समजावं की मला दाराबाहेर उभं केलं.

"युसूफला मी खोटा म्हटलं, ते आमचं आम्ही बघू," ते म्हणाले. "पण मी त्या ड्रायव्हरलाही चोर म्हटलं होतं, बाई. चार माणसांत, स्टँडवर. तो गेला. त्याला कोण सांगणार?"

ड्रायव्हरचं मी कधी मनातही आणलं नव्हतं. "घ्या, तुमचा भूत आला" म्हणणारा माणूस. मला त्याचं नावसुद्धा आठवेना. 

मग त्यांनी विचारलं, "शेवट काय होता पण?"

सईने मोबाइलमधला पानाचा फोटो दाखवला. बन्सीशेठनी चष्मा वर केला, मोबाइल लांब धरला, जवळ धरला. ओठ हलवत वाचलं. मग म्हणाले, "एवढी जागा कोरी सोडलीय. हिरवी शाई किती कमी लागली असती." आणि मोबाइल परत देत, "कसा आहे तो?"

"तब्येत बरी आहे. दिसत नाही आता."

"बरंच आहे. मी फार म्हातारा दिसतो," ते म्हणाले आणि आत जाऊन टोपी घालून आले.

नरडाणा

नाझियाने शेवट बदलायचं ठरवलं, ते माझ्यामुळे नाही. तिने ते पान भिंतीला लावून रात्रभर बघितलं म्हणे आणि सकाळी अमोलला फोन केला, "हिरवा अंगरखा आहे का रे अजून?" आता उडायचंच नव्हतं, म्हणजे हिरवा पडदा नको, म्हणजे अंगरखा चालतो. जिथे अमोल पूर्वी चक्कर येऊन पडला होता तिथेच, औद्योगिक वसाहतीतल्या एका मोकळ्या भूखंडाकडेला, एकच निंब आहे. त्याच्या सावलीत खाट टाकली. खाटेच्या एका टोकाला युसूफभाई, दुसऱ्या टोकाला बन्सीशेठ. मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा. आल्यापासून दोघांत एकच संवाद झाला होता.

"कोण?"

"मी."

म्हातारीचं काम नाझियाची मावशी करणार होती. युसूफभाई म्हणाले, "नही. मास्तरीण करील." मी लाजले, नको नको म्हटलं, आणि तोवर पदर खोचूनही झाला होता.

काम सोपं. अमोल खाली टेकतो, रुमाल सोडतो, त्याचं वाक्य म्हणतो. मी लोटा पुढे करते. बस. अमोल मूळचा शिंदखेडा तालुक्यातला, घरची बोली अहिराणी. "नराधमा" म्हणताना अडखळणारा तो पोरगा "मी दमी गऊ, माय" असं काही म्हणाला की मी खरंच त्याच्याकडे बघितलं, कोण आलंय म्हणून. आणि माझ्या तोंडून गेलं, "घे रे बाळा."

"कट," नाझिया म्हणाली. "आजी, तुम्हाला वाक्य नाही."

दुसऱ्या वेळी मी म्हटलं, "सावकाश पी." तिसऱ्या वेळी, "ऊन काय तापलंय." तोंड आपोआप चालत होतं, जन्मभराची सवय. चौथ्या वेळी मी नुसतं "हं" म्हटलं, तेही यंत्राला ऐकू गेलं. खाटेवरून युसूफभाई ओरडले, "ओ मास्तरीण! तुले फुगा नही शे!"

खरंच नव्हता. ते पान मी घरी शंभरदा उघडलं असेल, पण हे मला कधी दिसलं नव्हतं. म्हातारीच्या तोंडाशी फुगा काढलेलाच नाही. सात अंकांत मला लिहायला काही न ठेवलेली ती एकच चौकट.

पाचव्या वेळी अमोलला खरी तहान लागलेली होती. चव्वेचाळीसच्या उन्हात माणूस पाच वेळा दमल्याचं नाटक करू शकत नाही. त्याने लोटा दोन्ही हातांनी धरला. पाणी हनुवटीवरून हिरव्या अंगरख्यावर सांडलं आणि कापड काळं पडत गेलं. मी उभी होते. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मी ओठ मिटून घेतले.

नाझिया "कट" म्हणेना. ड्रोन नव्हता, संगीत नव्हतं, निंबाची पानंसुद्धा हलत नव्हती. आणि मागे खाटेवर बन्सीशेठ शिंकले. दोंडाईच्याची मिरची आणली होती त्यांनी, कपड्यांत.

आता पुन्हा करावं लागणार म्हणून सगळे हिरमुसले. नाझिया म्हणाली, "काही नाही, आवाज नंतर काढून टाकते." तेव्हा युसूफभाईंनी खाटेवरच्या त्या मधल्या जागेत हात फिरवला, बन्सीशेठचा गुडघा सापडेपर्यंत, आणि तिथेच ठेवून म्हणाले, "राहू दे."

चित्रपट कुठे बघायला मिळालाच तर शेवटी कान द्या. म्हातारी पाणी देते, काही बोलत नाही, आणि लांबून एक शिंक ऐकू येते. मूळ पानांत ती नाही.